दोन शंकू रुपये

१२ मे २०२० च्या रात्री २० लाख कोटी रुपयांच्या पॅकेजची घोषणा झाली. घोषणा पैशांची होती, पण ऐकणाऱ्याच्या मनात आलेला पहिला प्रश्न शुद्ध गणिताचा होता: "म्हणजे नक्की किती शून्यं हो?" लाख ठाऊक, कोटी ठाऊक, पण 'लाख कोटी' म्हटलं की बोटं आपोआप मोजायला लागतात.

खरं तर आपल्याकडे या रकमेसाठी अगदी नेटका शब्द आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली (साल ११५०) यादी बघा: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण १८ नावं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. यात चौदाव्या जागेवर शंकू आहे, म्हणजे एकावर १३ शून्यं. २० लाख कोटी म्हणजे दोनावर १३ शून्यं. थोडक्यात काय, तर त्या रात्री दोन शंकू रुपये जाहीर झाले होते.

आता हे वाक्य ऑफिसात चहाच्या वेळी कोणाला ऐकवून बघा. शब्द अचूक आहे, नऊशे वर्षं जुना आहे, आणि तरीही त्याचा काडीचा उपयोग नाही. कारण समोरच्याला शंकू म्हणजे भूमितीतला शंकू आठवतो.

आज आपण २ × १०^१३ लिहून मोकळे होतो. (कीबोर्डवर छोटा आकडा दहाच्या डोक्यावर चढवता येत नाही, म्हणून मधे ती टोपी घातली आहे. १०^१३ म्हणजे दहाचा तेरावा घात. ही अडचण लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे.) शाळेत आपल्याला हे 'शून्यं वाचवायची युक्ती' म्हणून कळलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की शून्यं वाचवणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ फायदा. या लिखाणाची खरी कमाई ही की त्यात दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दोन वेगवेगळ्या जागी लिहिता येतात. पहिला प्रश्न: गोष्ट किती मोठी आहे? दुसरा: आपल्याला ती किती नेमकी माहीत आहे? या दोन प्रश्नांची फारकत व्हायला माणसाला काही हजार वर्षं लागली. आणि हे प्रश्न विचारायचे राहून गेले, तर माणसं मरतातसुद्धा. पण ते शेवटी.

सुरुवात नावांपासून करू. मोठ्या संख्यांना नावं ठेवण्यात आपल्याकडच्या मंडळींचा हात धरणारं कोणी नव्हतं. यजुर्वेदातच एकापासून परार्धापर्यंत दहादहा पटींनी चढत जाणारी यादी आहे. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात तर राजकुमार सिद्धार्थाची गणिताची तोंडी परीक्षाच आहे. अर्जुन नावाचा गणिती त्याला कोटीच्या पुढची नावं विचारतो, आणि सिद्धार्थ प्रत्येक पायरीला शंभरपट करत २३ पायऱ्या चढून 'तल्लक्षण' या संख्येपर्यंत पोचतो. कोटी म्हणजे १०^७, त्यावर २३ वेळा शंभर, म्हणजे १०^५३. तिथेही तो थांबत नाही. मग उलट दिशेने, परमाणूच्या रजापासून बोटाच्या पेरापर्यंत, सात-सात पटींच्या पायऱ्यांनी लहान मापांचा हिशेबही देतो. अफाट मोठं आणि अतिसूक्ष्म एकाच दमात मोजून दाखवायचं, ही हौस आपल्याकडे फार जुनी आहे.

पण नावांची एक खोड असते. ती जागेवर राहत नाहीत. यजुर्वेदातल्या यादीत परार्ध म्हणजे १०^१२. लीलावतीत तोच परार्ध १०^१७ झालेला आहे. शब्द तोच, मधे फरक एक लाख पटींचा! आणि भास्कराचार्य म्हणजे कोणी आडगावचे लेखक नव्हेत. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता आणि त्याचा शिलालेख आजही प्रसिद्ध आहे. इतक्या मानाच्या ग्रंथातलं नावही शेवटी त्या-त्या काळापुरतं.

हे फक्त जुन्या काळात होतं असं समजू नका. इंग्रजीतला 'बिलियन' घ्या. अमेरिकेत तो १०^९. ब्रिटनमध्ये मात्र पूर्वापार १०^१२. डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर देऊन सांगितलं की यापुढे सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार मिलियन. जर्मनीत आजही 'बिलियोन' म्हणजे १०^१२ च. म्हणजे एकच शब्द, विमानाने दोन तास प्रवास केला की हजारपट होतो.

नावांचा हा घोळ टाळून नुसत्या पद्धतीने मोठी संख्या बांधायचा पहिला मोठा प्रयत्न आर्किमिडीजचा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने सिराक्यूजचा राजा गेलोन याला उद्देशून 'वाळूचा हिशेब' नावाचा छोटा निबंध लिहिला. लोक म्हणतात वाळूचे कण अगणित आहेत. मी दाखवतो की नाहीत, आणि सबंध विश्व वाळूने भरलं तरी नाहीत, असा त्याचा पवित्रा. अडचण अशी की ग्रीकांकडे सगळ्यात मोठं नाव होतं मिरियड, म्हणजे फक्त १०,०००. मग त्याने काय केलं? मिरियड मिरियड, म्हणजे १०^८, हेच नवीन एकक मानलं. तिथवरच्या संख्या पहिल्या श्रेणीच्या. मग १०^८ पटीने दुसरी श्रेणी, तिसरी श्रेणी... अशा १०^८ श्रेणी झाल्या की त्या सगळ्यांचं मिळून एक आवर्तन, आणि पुन्हा तोच खेळ. त्याची शेवटची संख्या म्हणजे एकावर आठ 'मध्य' शून्यं. (मध्य म्हणजे १०^१६, वरची यादी बघा. उपयोग झाला की नाही? :)) विश्वातली वाळू मात्र १०^६३ च्या आतच आटोपली.

त्या निबंधात एक बारीकशी गोष्ट आहे, तिकडे माझं लक्ष जास्त जातं. आर्किमिडीज म्हणतो की अशा पटीपटीने चढणाऱ्या मालिकेतल्या दोन संख्यांचा गुणाकार मालिकेत कुठे पडेल हे त्या दोघींच्या जागांवरून सांगता येतं. म्हणजे गुणाकार करायला जागा मोजून मिळवायच्या. घातांकांच्या नियमाचं हे बीज आहे. पण ग्रीक लोक अंकांसाठी मुळाक्षरं वापरत, त्यांच्याकडे स्थानमूल्य नव्हतं, त्यामुळे हे सगळं वाक्यांत सांगावं लागलं. कल्पना तयार, पण लिहायला चिन्ह नाही.

याच्या बरोबर उलटी परिस्थिती बॅबिलोनची. त्यांची पद्धत साठाची होती आणि स्थानमूल्य होतं, पण 'इथे पूर्णांक संपला' असं दाखवणारं काहीच चिन्ह नव्हतं. एक खिळा काढला तर तो १ असेल, ६० असेल, ३६०० असेल, किंवा एक साठांशही असेल. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. येल विद्यापीठाच्या संग्रहात एक मातीची वीट आहे, साडेतीन हजार वर्षांपेक्षा जुनी. तिच्यावर २ चं वर्गमूळ दशांशात पाच घरांपर्यंत बरोबर येईल इतक्या बारकाईने कोरलं आहे. आकडे उत्कृष्ट, पण ते केवढे ते लिहिलेलं नाही.

गंमत बघा. 'शंकू' म्हणणाऱ्याला संख्या केवढी ते सांगता येत होतं, पण आकडे कुठवर नेमके ते नाही. बॅबिलोनच्या लेखनिकाला आकडे नेमके लिहिता येत होते, पण केवढी ते नाही. सायंटिफिक नोटेशनचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या संस्कृतींच्या हातात होते.

ते जोडायचं मोठं काम दशमान पद्धत आणि शून्याने केलं. इसवीसन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याबरोबर बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. हे अंक अरबांमार्गे युरोपात गेले, आणि १२०२ मध्ये फिबोनाचीने त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आता नाव नको, संदर्भ नको, मोजा शून्यं आणि ओळखा संख्या. यापुढे आणखी काय पाहिजे?

पाहिजे. कारण या शून्यावर आपण दोन नोकऱ्या लादल्या. एक शून्य म्हणजे 'मोजलं, आणि इथे खरंच काही नाही'. दुसरं शून्य म्हणजे 'इथलं मला माहीत नाही, जागा भरायला ठेवलंय'. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण बरंच नंतरचं आहे, आणि आपल्याच देशातलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भारताच्या महासर्वेक्षणातली मंडळी बिहारच्या मैदानातून, शंभर मैलांहून लांबून, हिमालयातली शिखरं मोजत होती. 'पीक १५' या शिखराच्या निरीक्षणांवरचं किचकट गणित राधानाथ सिकदर यांनी केलं. अशी कथा सांगतात की सगळ्या निरीक्षणांची सरासरी नेमकी २९,००० फूट आली. आणि तिथे सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांची पंचाईत झाली. २९,००० छापलं तर लोक म्हणणार, साहेबांनी अंदाजपंचे आकडा ठोकून दिला! म्हणून म्हणे त्यांनी पदरचे दोन फूट घातले आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट जाहीर केलं. एव्हरेस्टच्या डोक्यावर पहिले दोन फूट वॉ यांनी चढवले, हा विनोद त्यातूनच आलेला.

हसू येतं, पण त्यांची अडचण खरी होती. खरा आकडा खोटा वाटत होता, म्हणून तो खरा वाटावा यासाठी खोटा करावा लागला. सायंटिफिक नोटेशनमध्ये ही अडचणच उरत नाही. ढोबळ अंदाज असेल तर २.९ × १०^४ लिहा. शेवटच्या फुटापर्यंत मोजलं असेल तर २.९००० × १०^४ लिहा. शून्य लिहिलं याचा अर्थ ते मोजलेलं आहे, जागा भरायचं काम घातांक करतोय. आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. म्हणजे त्या काळच्या मोजणीबद्दल सगळ्यात प्रामाणिक आकडा ठरला असता २.९० × १०^४. शंभर मैलांवरून, त्या काळच्या साधनांनी, तीन अंक बरोबर. ही काही कमी शाबासकी नाही.

आता हे हत्यार कुठून आलं ते बघू. १४८४ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात निकोला शुके नावाच्या माणसाने बीजगणितावर एक हस्तलिखित पूर्ण केलं. त्यात त्याने अज्ञात राशीचा घात दाखवायला आकड्याच्या डोक्यावर छोटा आकडा काढला. इतकंच नाही, तर घात शून्य असू शकतो आणि ऋणही असू शकतो हेसुद्धा लिहून दाखवलं. मजा म्हणजे याच हस्तलिखितात बिलियन, ट्रिलियन वगैरे नावांची उतरंडही आहे (त्याचा बिलियन १०^१२). म्हणजे नावांचा रस्ता आणि घातांकाचा रस्ता, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. पण ते हस्तलिखित छापलं गेलं १८८० मध्ये, चक्क चारशे वर्षांनी. शिष्यमंडळींनी काही भाग उचलला, पण ती खूण तेव्हा पसरली नाही.

मग १५४४ मध्ये जर्मनीत मायकेल श्टिफेलने दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. वर -३, -२, -१, ०, १, २, ३, ४, ५, ६. खाली १/८, १/४, १/२, १, २, ४, ८, १६, ३२, ६४. आणि सांगितलं की खालच्या ओळीत गुणाकार करायचा असेल तर वरच्या ओळीत बेरीज करा, भागाकार असेल तर वजाबाकी. आर्किमिडीजने वाक्यात सांगितलेली गोष्ट आता डोळ्यांना दिसायला लागली. 'घातांक' या अर्थाचा लॅटिन शब्दही श्टिफेलचाच. १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिनने दशांश अपूर्णांकांची पुस्तिका काढून एकाच्या खालची बाजूही दहाच्या पायऱ्यांवर आणली. आणि १६३७ मध्ये देकार्तने घात आज लिहितो तसा, अक्षराच्या उजव्या खांद्यावर बारीक आकड्यात, लिहायला सुरुवात केली.

श्टिफेलच्या त्या दोन ओळींचा फायदा पाहायचा असेल तर आपले दोन शंकू परत घ्या. दरडोई किती होतात? २ × १०^१३ भागिले देशाची लोकसंख्या, म्हणजे साधारण १.४ × १०^९. आकडे भागले तर सुमारे १.४, घातांक वजा केले तर ४. उत्तर १.४ × १०^४, म्हणजे माणशी १४ हजार रुपये. कॅल्क्युलेटर नाही, शून्यं खोडाखोडी नाही. 'लाख कोटी' मधून हे उत्तर तोंडी काढून बघा म्हणजे फरक कळेल.

ज्यांनी बारावी सायन्स केलंय त्यांनी हा सगळा इतिहास नकळत हाताळलाय. लॉग टेबल आठवतंय ना? नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिदम काढले, आणि ब्रिग्जने ते दहाच्या पायावर आणून १६१७ आणि १६२४ मध्ये कोष्टकं छापली. २ चा लॉग ०.३०१०. २००० चा ३.३०१०. आणि ०.००२ चा, तीनाच्या डोक्यावर आडवी रेघ मारून, 'बार थ्री पॉइंट थ्री झिरो वन झिरो'. दशांशचिन्हाच्या उजवीकडचा भाग फक्त आकडे सांगतो, डावीकडचा फक्त दहाचा घात. टेबल फक्त उजव्या भागाचं. डावा भाग ज्याचा त्याने मोजायचा. पेपरात बार विसरला की उत्तर लाखो पटींनी चुकायचं, पण आकडे मात्र तेच! स्लाइड रूलचंही तसंच होतं. पट्टीवर २, २० आणि ०.००२ एकाच रेघेवर. दहाचा घात इंजिनिअरने डोक्यात सांभाळायचा. बॅबिलोनची वीट पुन्हा हातात, फक्त लाकडी.

एवढं सगळं तयार असूनही शास्त्रज्ञ सर्रास दहाच्या घातात लिहायला लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यामागे विजेचा मोठा वाटा आहे. सेंटीमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांवरून बांधलेली विजेची एककं व्यवहारात भलतीच गैरसोयीची निघाली. एक ओहम म्हणजे तसली १०^९ एककं, एक व्होल्ट म्हणजे १०^८. आता दर वेळी शून्यं कोण मोजणार? १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने यावर जी शिफारस केली ती आज वाचायला गोड वाटते. समितीत जॉर्ज जॉनस्टन स्टोनी हे आयरिश शास्त्रज्ञ होते ('इलेक्ट्रॉन' हे नाव देणारे तेच, १८९१ मध्ये). त्यांची पद्धत अशी: घात धन असेल तर आकडा एककाच्या मागे लावा, ऋण असेल तर क्रमवाचक शब्द पुढे लावा. १०^९ ग्रॅम म्हणजे 'ग्रॅम-नऊ'. १०^-९ ग्रॅम म्हणजे 'नववा-ग्रॅम'. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर म्हणजे 'मीटर-सात'. प्रकाशाच्या लहरींसाठी 'दहावा-मीटर' काही काळ खरंच वापरात होता. पुढे त्याच १०^-१० मीटरला अँगस्ट्रॉम म्हणायला लागले.

मला ही पद्धत फार आवडते, कारण इथे नावं ठेवायची जुनी सवय आणि घातांकाची नवी शिस्त एकमेकांत मिसळताना दिसतात. ती टिकली नाही. पुढे चिन्हांत दहाचे घात राहिले आणि बोलण्यात उपसर्ग आले: मेगा, मायक्रो, मग १९६० मध्ये गिगा आणि नॅनो, आणि अगदी अलीकडे २०२२ मध्ये रोना, क्वेटा, रोंटो, क्वेक्टो. पृथ्वीचं वस्तुमान आता सुमारे ६ रोनाग्रॅम, आणि इलेक्ट्रॉनचं जवळपास १ रोंटोग्रॅम. शंकू आणि जलधीला नवीन भावंडं मिळाली म्हणायची.

आता आमच्या धंद्याकडे येतो. यंत्राला मोठ्या आणि लहान संख्या एकाच मापाच्या डब्यात ठेवायच्या असतात. १९१४ मध्ये स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी आकडे आणि घात वेगळे ठेवायची कल्पना यंत्रासाठी मांडली. बर्लिनमध्ये कॉनराड झुसेने आईवडिलांच्या घरात बसून १९३८ मध्ये झेड-१ पूर्ण केलं, आणि १९४१ च्या झेड-३ मध्ये प्रत्येक संख्येला २२ बिट दिले: एक चिन्हाला, सात घातांकाला, चौदा आकड्यांना. हेच आपलं फ्लोटिंग पॉइंट. १९८५ मध्ये त्याचं प्रमाणीकरण झालं, आणि आज तुमच्या फोनमध्येही तीच मांडणी आहे, फक्त बिट जास्त.

आणि ती टोपीची अडचण आठवते? १९५७ मध्ये आयबीएमने फोरट्रान आणलं तेव्हा पंचकार्डावरही आकडा डोक्यावर चढवता येत नव्हता. म्हणून '×१०^' च्या जागी एक अक्षर घातलं: ई. म्हणजे २ई१३. तेच 'ई' आज एक्सेलमध्ये आपल्याला छळतं. १६ अंकी कार्ड नंबर टाका, एक्सेल त्याला संख्या समजून दहाच्या घातात दाखवतं, आणि १५ अंकांपलीकडचं ठेवत नसल्यामुळे शेवटचा अंक गुपचूप शून्य करतं. जनुकशास्त्रातल्या लोकांचा तर पार गोंधळ उडाला. जपानच्या रिकेन संस्थेच्या यादीत '२३१०००९ई१३' अशा धर्तीचे ओळखक्रमांक होते. एक्सेलने त्याचं केलं २.३१ई+१९. ओळखच पुसली गेली! २००४ मध्ये यावर शोधनिबंध आला. जी खूण 'एवढे अंक मला माहीत आहेत' हे सांगण्यासाठी जन्मली, तीच माहीत असलेले अंक फेकून द्यायला लागली.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पुढचं तसं नाही.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या धहरानला अमेरिकी सैनिक राहत होते त्या इमारतीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र येऊन आदळलं. २८ सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी नेमलेल्या पॅट्रियट यंत्रणेने त्यावर काहीच सोडलं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये चौकशीचा अहवाल दिला, त्यातलं गणित कागदाच्या कपट्यावर मावतं.

यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होतं. सेकंद काढायला त्याला ०.१ ने गुणायचं. पण दशमानात १/३ जसा पूर्ण लिहिता येत नाही, तसा द्विमानात १/१० लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. २४ बिटच्या रजिस्टरमध्ये तोडल्यावर राहिलेली चूक होती सुमारे ०.०००००००९५. इतकी शून्यं पाहून कोणीही म्हणेल, नगण्य. पण यंत्रणा सलग १०० तासांहून जास्त चालू होती. आता लिहा. चूक ९.५ × १०^-८. शंभर तासांतले दशांश सेकंद ३.६ × १०^६. आकडे गुणले तर ३४.२, घात मिळवले तर -२. उत्तर ०.३४ सेकंद. स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी बघत होती, आणि तिथे काहीच नव्हतं.

श्टिफेलच्या दोन ओळी. एवढंच गणित. मूळ यंत्रणा एका जागी काही तासच चालेल, मग हलवली जाईल, या हिशेबाने बांधलेली होती, म्हणून तो गुणाकार आधी कोणाला करावासा वाटला नसेल. पण अहवालातली माझ्या मनातून न जाणारी गोष्ट वेगळी आहे. इस्रायलींनी ११ फेब्रुवारीलाच सावध केलं होतं. दुरुस्त सॉफ्टवेअर तयार झालं होतं. २१ फेब्रुवारीला तळांना संदेशही गेला की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर नेम सरकू शकतो. 'फार वेळ' म्हणजे किती, हे त्या संदेशात नव्हतं. वापरणाऱ्यांना वाटलं, आपण काही इतका वेळ चालवत नाही. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

संदेशात 'फार वेळ' ऐवजी '२० तास' असतं तरी पुरलं असतं. अहवालाच्या हिशेबाने साधारण तेवढ्या वेळातच लक्ष्य नजरेबाहेर जायला लागतं. म्हणजे हवे होते फक्त दोन अंक, आणि त्यातलाही दुसरा ढोबळ चालला असता. २ × १०^१ तास.

म्हणून मला वाटतं, सायंटिफिक नोटेशन शिकवताना शून्यं वाचतात हे सांगायच्या आधी हे सांगावं की 'खूप', 'फार', 'नगण्य', 'लाखो-करोडो' हे शब्द म्हणजे न लिहिलेला घातांक आहे. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की लोड 'प्रचंड' आहे, डॉक्टर म्हणाले की धोका 'अगदी कमी' आहे, बातमीत आलं की घोटाळा 'अब्जावधींचा' आहे, तर दोनच प्रश्न विचारायचे. दहाचा कितवा घात? आणि त्यापुढचे किती अंक तुम्ही खरंच मोजलेत? पहिल्याचं उत्तर आलं तर आपल्याला निदान गुणाकार करता येतो. दुसऱ्याचं आलं तर त्या गुणाकारावर किती विसंबायचं ते कळतं. आणि दोन्हींची उत्तरं 'माहीत नाही' अशी आली, तरी तेवढं कळणं हीसुद्धा माहितीच असते.